नळीतली वीस मिनिटं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "आम्ही राजापूर तालुक्यात सड्यावरच्या वाडीत राहतो. दहा-बारा दिवसांपूर्वी गवत कापताना माझ्या धाकट्या दिरांच्या (वय ३४) अंगठ्याला फुरसं चावलं. घरच्यांनी मनगट दोरीने आवळलं, तिखट लागतं का बघायला मिरची चावायला दिली, फुरसं शोधून मारलं आणि मग रिक्षा बोलावली. दीड तासाने आरोग्य केंद्रात पोहोचलो. डॉक्टरांनी रक्त काढून काचेच्या नळीत ठेवलं आणि वीस मिनिटं थांबायला सांगितलं. रक्त गोठलं म्हणून इंजेक्शन दिलंच नाही. तासाने पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी गोठलं नाही, तेव्हा कुठे दहा बाटल्या लावल्या. सलाईन सुरू होताच त्यांना हुडहुडी भरली, मग बंद करून परत चालू केलं. रात्री आणखी दहा बाटल्या. चौथ्या दिवशी घरी सोडलं. वाडीतले म्हणतात, दोन-अडीच तास फुकट घालवले, तक्रार करा. गेल्या वर्षी शेजारच्या सात वर्षांच्या मुलीलाही मोठ्या माणसाएवढ्याच दहा बाटल्या दिल्या होत्या. वाडीने वर्गणी काढून हे औषध फ्रिजमध्ये आणून ठेवावं का? सर्पदंशावर गोळी निघाल्याचं व्हॉट्सॲपवर आलंय, ती मिळते का? आणि कालपासून दिरांना कणकण आहे, गुडघे-मनगटं धरलीत, अंगावर गांधी उठल्यात. सासूबाई म्हणतात विष अंगात राहिलंय, भगताकडून उतरवून घ्या. काय करू?"

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीचे उद्यावर टाकता येतील, हा नाही. दिरांना आजच डॉक्टरांकडे न्या. विष अंगात राहिलेलं नाही. त्यांना जे होतंय ते औषधामुळे.

सापाच्या विषावरचं इंजेक्शन घोड्याच्या रक्तापासून बनतं. घोड्याला थोडं थोडं विष टोचत जातात, त्याच्या रक्तात विषाला निकामी करणारी प्रतिद्रव्यं तयार होतात. ती वेगळी काढून, वाळवून कुपीत भरतात. तुमच्या दिरांच्या शिरेत अशा वीस कुप्या गेल्या, म्हणजे घोड्याची बरीच प्रथिनं गेली. शरीर ती परकी म्हणून ओळखतं, आठवडाभरात त्यांच्याविरुद्ध स्वतःची प्रतिद्रव्यं उभी करतं, आणि या दोघांच्या जोड्या सांध्यांत, कातडीत जाऊन अडकतात. मग बारीक ताप येतो, सांधे धरतात, खाज सुटते, गांधी उठतात, कधी बगलेत-जांघेत अवधाण येतं. डॉक्टर याला सीरम सिकनेस म्हणतात. इंजेक्शननंतर पहिल्यापासून बाराव्या दिवसापर्यंत कधीही होतो, बहुतेक वेळा सातव्या दिवसाच्या आगेमागे. तुमचं दिवसांचं गणित यात चपखल बसतं.

उपचार सोपा आहे. आधी खाजेवरची साधी गोळी, क्लोरफेनिरामिनसारखी. एक-दोन दिवसांत उतार पडला नाही तर प्रेडनिसोलोन, मोठ्या माणसाला साधारण ५ मिलीग्रॅम दिवसातून चार वेळा, पाच ते सात दिवस. हे डॉक्टरांनी तपासून लिहून द्यायचं, दुकानातून मागून आणायचं नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सांधे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक किंवा ब्रुफेन देऊ नका. फुरशाच्या विषाने मूत्रपिंडाला धक्का बसलेला असू शकतो आणि या गोळ्या त्यात भर घालतात. अंग दुखत असेल तर पॅरासिटामॉल पुरे. डॉक्टरांना लघवी तपासायला आणि रक्तातलं क्रिएटिनिन बघायला सांगा. लघवी कमी झाली, चहाच्या रंगाची झाली, तोंडावर सूज आली, श्वास लागला किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर आरोग्य केंद्राऐवजी सरळ मोठ्या रुग्णालयात.

भगताकडे जाऊन आलात तर अंगारा लावल्याने नुकसान होणार नाही, फक्त ते डॉक्टरांकडून आल्यावर करा. झाडपाल्याचं पोटात घ्यायला दिलं तर मात्र घेऊ नका. सासूबाईंना असं सांगून बघा: विष चार दिवसांतच उतरलं, आता उतरवायचं आहे ते औषध.

आता नळीची गोष्ट. तुमच्या वाडीचा सगळा राग त्या नळीवर आहे. पण अडीच तासांत जे काही बरोबर घडलं, ते त्या नळीमुळेच घडलं.

फुरशाच्या विषात एक पदार्थ असतो, तो रक्त साकळवणारी यंत्रणा भलत्या वेळी, भलत्या ठिकाणी सुरू करून देतो. सगळ्या अंगभर बारीक बारीक गुठळ्या बनत राहतात, त्यात रक्त साकळायला लागणारा माल संपून जातो, आणि मग जिथे खरंच साकळायला हवं तिथे रक्त साकळत नाही. जुन्या जखमेतून, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागतं. सगळ्यात वाईट म्हणजे मेंदूत. हे सगळं चावल्याबरोबर होत नाही. काहींना अर्ध्या तासात होतं, काहींना कित्येक तासांनी, आणि उपचार मिळाला नाही तर दिवसेंदिवस टिकतं. "फुरशाने माणूस मरत नाही" ही समजूत त्यातूनच आली आहे. माणूस त्या दिवशी चालता-बोलता असतो, चौथ्या दिवशी डोकं दुखतं म्हणून झोपतो, आणि दोन्हींचा संबंध कुणी लावत नाही. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. निरुपद्रवी जनावरावर कुणी बक्षीस लावत नाही.

तर रक्त साकळतंय की नाही, हे कळायला यंत्र लागत नाही. शिरेतून २ मिलीलीटर ताजं रक्त काढायचं. ते नवीन, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालायचं आणि नळी उभी करून ठेवायची. वीस मिनिटं हात लावायचा नाही. वेळ भरली की नळी एकदाच आडवी करून बघायची. रक्त दह्यासारखं जागच्या जागी राहिलं तर साकळलं. पाण्यासारखं वाहिलं तर फुरशाने किंवा घोणशीने आपलं काम केलं आहे, इंजेक्शन लगेच सुरू.

ऐकायला इतकं साधं, पण चुका इथेच होतात. नळी साबणाच्या पावडरने धुऊन पुन्हा वापरली तर काचेवर साबणाचा पातळ थर राहतो आणि चांगल्या माणसाचं रक्तसुद्धा साकळत नाही. प्लास्टिकच्या नळीचंही तेच, कारण रक्त साकळायला सुरुवात करून देण्याचं काम काचेचा पृष्ठभाग करतो, प्लास्टिक करत नाही. मग नसलेलं विष दिसतं. उलट, दर पाच मिनिटांनी कुणी नळी उचलून, तिरकी करून बघितली, तर निकालाचा भरवसा राहत नाही. घड्याळ न लावता "झाली असतील वीस मिनिटं" म्हणून अर्ध्या तासाने बघितलं, की हळूहळू साकळणारं रक्तही साकळलेलं दिसतं आणि असलेलं विष सुटून जातं. शंका असेल तेव्हा शेजारी दुसऱ्या नळीत नातेवाइकाचं, म्हणजे साप न चावलेल्या माणसाचं रक्त ठेवतात. तेही साकळलं नाही तर दोष नळीचा.

या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींनी किती फरक पडतो, ते श्रीलंकेतल्या घोणस चावलेल्या रुग्णांवरच्या दोन अभ्यासांत स्पष्ट दिसतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णालयात नेहमीच्या धबडग्यात केलेली ही चाचणी पाहिली होती. ज्यांचं रक्त प्रयोगशाळेच्या मोजमापानुसार खरोखर बिघडलं होतं, अशा शंभरांपैकी सुमारे चाळीसच जणांना नळीने पकडलं. बाकीच्यांचं "साकळलं" म्हणून इंजेक्शन लांबलं. २०१७ च्या अभ्यासात तीच चाचणी, पण नळी ठरलेली, रक्ताचं माप ठरलेलं आणि करणारा शिकवून तयार केलेला. तेव्हा शंभरांतले ब्याऐंशी सापडले. पुढे २०२१ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब केला, त्यातही आकडा चौऱ्याऐंशीच्या आसपास आला. म्हणजे नीट केलेली नळीसुद्धा शंभरांतल्या सोळा ते अठरा जणांना सोडतेच.

म्हणून पहिल्या नळीत रक्त साकळलं तरी माणसाला घरी पाठवत नाहीत. आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शनाप्रमाणे पहिले तीन तास दर तासाला आणि पुढे चोवीस तास दर सहा तासांनी पुन्हा तपासायचं. तुमच्या दिरांचं पहिल्यांदा साकळलं, दुसऱ्यांदा साकळलं, तिसऱ्यांदा नाही. विषाचा परिणाम तेव्हा नळीत दिसला, आणि डॉक्टरांनी तो दिसल्याबरोबर पकडला. पहिल्या नळीनंतर "काही नाही, घरी जा" म्हणाले असते, तर तक्रार जरूर करायला हवी होती. नळी ठेवताना "आता का थांबतोय" हे दोन वाक्यांत तुम्हाला सांगायला हवं होतं, ते राहिलं, एवढाच ठपका मी त्यांच्यावर ठेवेन. बाकी तक्रारीत दम नाही.

मग आधीच का दिलं नाही, खबरदारी म्हणून? कारण औषध दिलं की धोका सुरू होतो, आणि साप चावलेल्या प्रत्येकाच्या अंगात विष गेलेलं नसतं. कित्येकदा दात लागतात, विष सुटत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रीलंकेतल्याच एका चाचणीत १,००७ रुग्णांना हे इंजेक्शन दिलं, त्यातल्या पाऊणशे टक्के लोकांना काही ना काही रिॲक्शन आली, आणि त्यात तीव्र रिॲक्शन बऱ्याच होत्या. प्रत्येक कंपनीच्या कुपीची शुद्धता वेगळी, त्यामुळे हाच आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडेल असं नाही. पण कुणालाही उगाच द्यावं असं हे औषध नक्कीच नाही.

दोन अपवाद मात्र पाठ करा. रक्त दिसत असेल, म्हणजे हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचलेल्या जागेतून थांबत नसेल, तर नळीची वाट बघायची नाही. आणि साप नाग किंवा मण्यार असेल तर नळीचा उपयोगच नाही. त्यांचं विष नसांवर जातं, नळीतलं रक्त छान साकळतं आणि माणूस मात्र श्वास सोडतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, जागा दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते. पापणी पडली की लगेच इंजेक्शन, आणि श्वासाला आधार देता येईल अशा ठिकाणी पोहोचायची घाई.

आता दहा कुप्यांचा हिशेब, म्हणजे शेजारच्या मुलीचाही प्रश्न सुटेल. आपल्याकडची कुपी चार सापांवर चालते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. एक कुपी १० मिलीलीटरची, आणि तिचा प्रत्येक मिलीलीटर घोणशीचं ०.६ मिलीग्रॅम, फुरशाचं ०.४५ मिलीग्रॅम विष निकामी करतो. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलीग्रॅमच्या आसपास विष सोडते असं धरलं आहे. दहा कुप्या म्हणजे ६० मिलीग्रॅमची सोय. फुरशाचं विष याहून पुष्कळ कमी असतं. पण रात्री एक वाजता दारात आणलेल्या माणसाला नेमकं काय चावलंय, हे डॉक्टरांना ठाऊक नसतं, म्हणून पहिला डोस घोणशीच्या मापाने देतात.

यात माणसाचं वजन कुठेच आलं नाही, बघा. सापाने मुलगी लहान आहे म्हणून विष कमी सोडलेलं नाही. निकामी करायचंय ते विष, आणि ते तेवढंच आहे. उलट लहान अंगात तेवढंच विष गेलं म्हणजे दर किलोला ते जास्त पडलं. म्हणून सात वर्षांच्या मुलीलाही दहाच कुप्या. तिच्यासाठी बदलतं ते सलाईनचं पाणी. वजनाच्या मानाने कमी पाण्यात मिसळून देतात, नाहीतर तिच्या फुप्फुसात पाणी साचेल. त्या डॉक्टरांनी बरोबर केलं.

या कुप्या तयार करायलाही वेळ जातो, नातेवाइकांना तो दिसत नाही. आत पांढरी कोरडी पूड असते. तीत १० मिलीलीटर निर्जंतुक पाणी सोडून कुपी दोन तळहातांत धरून हलके फिरवायची. घाईघाईने घुसळली तर दुधासारखा फेस येतो, औषध त्या फेसात अडकून वाया जातं. अशा दहा कुप्या एकेक करून विरघळवायच्या, सलाईनमध्ये घालायच्या आणि मग तासाभरात शिरेतून सोडायच्या. सिस्टर कोपऱ्यात उभ्या राहून बाटली नुसती फिरवत होत्या, असं कुणी सांगितलं असेल तर त्या औषधच तयार करत होत्या.

हुडहुडी भरली ती रिॲक्शन. अशा वेळी सलाईन तात्पुरतं थांबवायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन द्यायचं (मोठ्या माणसाला ०.५ मिलीग्रॅम), आणि माणूस सावरला की औषध हळू गतीने परत सुरू करायचं. परत सुरू करणं ही चूक नाही, बंदच ठेवणं ही चूक ठरली असती, कारण विष तसंच राहिलं असतं. वर ज्या १,००७ जणांच्या चाचणीचं सांगितलं, तिचा मुख्य निष्कर्ष हाच आहे की सलाईन लावण्याआधी ०.२५ मिलीग्रॅम ॲड्रिनॅलिन कातडीखाली दिलं तर पहिल्या तासातल्या तीव्र रिॲक्शन ४३ टक्क्यांनी कमी होतात. वर्षानुवर्षं आपण ज्यावर विसंबलो होतो ती हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रोमेथाझिन या कामी आली नाहीत. हातावर थेंब टोचून "टेस्ट" घेण्याची जुनी पद्धतही सोडून द्यायला हवी. तिच्यावरून कुणाला रिॲक्शन येईल ते कळत नाही, अर्धा तास मात्र जातो.

रात्रीच्या दुसऱ्या दहा कुप्यांबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण सांगून ठेवणं बरं. पहिल्या डोसाने रक्तातलं विष मारलं तरी रक्त लगेच साकळू लागत नाही. संपलेला माल यकृताला नव्याने बनवावा लागतो, त्याला साधारण सहा तास लागतात. म्हणून सहा तासांनी नळी पुन्हा ठेवतात. तेव्हाही साकळलं नाही तर विष अजून शिल्लक आहे असं धरून पुन्हा पाच ते दहा कुप्या देतात. मधल्या वेळात "रक्त चढवा" असा आग्रह नातेवाईक करतात. विष जिवंत असताना चढवलेलं रक्त किंवा प्लाझ्मा म्हणजे भोक बुजवायच्या आधी बादली भरणं. आणि रक्त साकळत नसताना कंबरेत सुई, अगदी धनुर्वाताचीसुद्धा, टोचायची नाही. आत रक्त साचतं. ती रक्त पूर्ववत झाल्यावर घेतात.

अडीच तास कुठे गेले ते पाहिलं. आता तुमच्या पत्रातला आधीचा दीड तास पाहू.

दोरीने आवळलं, तिथे काय झालं? फुरशाचं विष जागेवरच मांस खातं आणि सूज आणतं. दोरीने ते विष एका हातात कोंडलं, रक्तपुरवठा तोडला, आणि बोट काळं पडण्याची वेळ आणली. वर दवाखान्यात दोरी अचानक सोडली की कोंडलेलं विष एकदम अंगभर जातं. म्हणून दोरी बांधलेली असेल तर ती घरी सोडू नका, इंजेक्शन आणि सलाईन तयार असताना डॉक्टरांना सोडू द्या. मिरची तिखट लागली म्हणजे विष चढलं नाही, ही तर निव्वळ थाप. फुरशाचं विष जिभेला काही करत नाही, चावलेल्या माणसाला तिखट लागणारच, आणि "लागलं ना, मग काही नाही" म्हणून अर्धा तास गेला. फुरसं शोधून मारण्यात आणखी वेळ गेला, आणि मेलेल्या सापाचं डोकंही काही काळ चावू शकतं. लांबून मोबाइलवर फोटो मिळाला तर घ्या, नाहीतर सोडून द्या. नळीला साप बघावा लागत नाही.

पुढच्या वेळी करायचं ते एवढंच. माणसाला बसवा किंवा आडवं करा, चालवू नका. अंगठी, कडं, घड्याळ, मनगटातला काळा दोरा, पायातलं जोडवं लगेच काढा, सूज आल्यावर ती कापावी लागतात. हात काठीला किंवा पट्टीला फडक्याने सैलसर बांधून स्थिर ठेवा, एक बोट आत जाईल इतका सैल. चिरा देणं, तोंडाने ओढणं, बर्फ, चुना काही नको. दारू तर नकोच. चावल्याची वेळ पेनाने हातावरच लिहा आणि सूज जिथपर्यंत आली तिथे रेघ मारा, दर अर्ध्या तासाने नवी. ती रेघ डॉक्टरांना तुमच्या सांगण्यापेक्षा जास्त सांगते. १०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा, पण निघण्याआधी आरोग्य केंद्राला फोन करून दोन गोष्टी विचारा: सापाचं इंजेक्शन आहे का, आणि डॉक्टर हजर आहेत का. मोठं नाव असलेला दवाखाना म्हणून अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूर गाठण्यात बराच वेळ जातो. जवळच्या केंद्रात कुप्या असतील तर पहिला डोस तिथे घ्या, हलवायचं ते त्यानंतर.

आता फ्रिजचं. वाडीच्या फ्रिजमध्ये औषध ठेवायचं मनात असेल तर काढून टाका. पूड असलेल्या कुपीला फ्रिज लागत नाही, थंड-काळोखी जागा पुरते, तेव्हा अडचण साठवणीची नाही. अडचण अशी की कुप्या शिरेत सोडणारा, रिॲक्शन आली तर ॲड्रिनॅलिन देणारा आणि श्वास थांबला तर घशातून श्वासाची नळी घालणारा माणूस वाडीत नाही. दिरांना जी हुडहुडी भरली ती घरातल्या पलंगावर भरली असती तर? वर्गणी काढायचीच असेल तर गवत कापणाऱ्या सगळ्यांना गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि जाड हातमोजे घ्या, एक टॉर्च घ्या, आणि रात्री-अपरात्री न कुरकुरता निघणाऱ्या दोन गाडीवाल्यांचे नंबर मांगराच्या भिंतीवर रंगवून घ्या. तुमच्याकडे फुरसं कातळावर, गडग्याच्या सांध्यांत आणि आदल्या संध्याकाळी बांधून ठेवलेल्या भाऱ्याखाली असतं. सकाळी भारा उचलण्याआधी काठीने पलटी मारा, हात नंतर घाला. करवतीने लाकूड कापल्यासारखा खरखर आवाज आला तर दोन पावलं मागे. ते खवले खवल्यावर घासतंय, "मी इथे आहे" म्हणतंय.

गोळीची बातमी खोटी नाही, अर्धवट आहे. व्हॅरेस्प्लॅडिब नावाचं औषध आहे, पुष्कळ सापांच्या विषातल्या एका घटकाला ते अडवतं. भारत आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांत ९५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली, निकाल २०२४ मध्ये आला. गोळी नेहमीच्या इंजेक्शनच्या जोडीने दिली होती, त्याच्या ऐवजी नव्हे. एकूण रुग्णांत ठरवलेल्या मोजमापावर ठळक फरक दिसला नाही. ज्यांना चावल्यापासून पाच तासांच्या आत मिळाली त्यांच्यात सुधारणा दिसली, म्हणून संशोधन पुढे चालू आहे. दुकानात ती मिळत नाही. कुणी त्या नावाने काही विकत असेल तर घेऊ नका. आणि फुरशाचा मुख्य मारा ज्या पदार्थाने होतो, तो या गोळीच्या माऱ्यात येणाऱ्या घटकांतला नाही, हेही ध्यानात असू द्या.

राहिलं एक. डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा आणि फोटो दिरांच्या मोबाइलमध्ये असू द्या. त्यावर किती कुप्या दिल्या, रिॲक्शन कधी आली, आता सीरम सिकनेस झाला, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. एकदा चावलं म्हणून अंगात विषाची ताकद तयार होत नाही, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा चावू शकतं. तेव्हा "मागच्या वेळी थंडी वाजली होती, हे इंजेक्शन नको" असं घरचं कुणीही म्हणू नये. गरज असेल तर तेच इंजेक्शन पुन्हा द्यावं लागतं, फक्त डॉक्टर ॲड्रिनॅलिन आधीच हाताशी भरून ठेवतील, आणि त्यासाठी ते कार्ड त्यांच्या हातात हवं.